मिस कॉलची चावी

केजच्या बाजारात कुणी मागून "सर" अशी हाक मारली की अलीकडे माझं डोकं फिरतं. पूर्वी हाक मारणारा बहुतेक जुना विद्यार्थी असायचा. आता हातात मोबाईल धरलेला शेतकरी असतो आणि त्याचं पहिलंच वाक्य भांडणाचं असतं.

"सर, तुमचं मिस कॉल मेलं की."

"मेलं नाही हो. नव्या फोनवर चालत नाही. पेटीत जुना फोन लावा."

"जुना कुठून आणू? भंगारवाला बी देईना. तुमी नवं काढा की."

"काढतोय. काम चालू आहे."

"मागल्या खेपेला बी ह्येच म्हनला होता. लोकं म्हनतेत, सरला माज आलाय."

फुकट दिलेल्या वस्तूचा माज कसा येतो, हे त्याला ओरडून विचारावं असं वाटायचं. मी विचारत नसे. माझ्या "काम चालू आहे"ची खरी किंमत मला ठाऊक होती.

मी इथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. घरची शेती आहे. आमच्याकडे शेतातल्या मोटरीला थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळते, आणि तीही सांगितलेल्या वेळेला येईल याचा भरवसा नाही. लाईट आल्यावर आपोआप मोटर चालू करणारा ऑटो बसवता येतो. पण सगळ्यांनीच ऑटो बसवला की सगळ्या मोटरी एका क्षणाला भार घेतात आणि डीपी, म्हणजे सगळ्यांचा सामाईक ट्रान्सफॉर्मर, जळते. एकदा डीपी जळली की ती बदलून मिळेपर्यंत हरभरा वाळतो. म्हणून माणूस विहिरीवर जाऊन वाट पाहत बसतो.

त्यावर मी एक साधा उपाय काढला. स्टार्टरच्या पेटीत जुना मोबाईल चार्जरला लावून ठेवायचा. लाईट आली की चार्जिंग सुरू होतं. चार्जिंग सुरू झालं की माझं ॲप त्या डीपीवरच्या सगळ्यांना एकामागून एक मिस कॉल देतं. एक रिंग, आणि कट. उचलायचं नाही, त्यामुळे पैसेही लागत नाहीत. बहिणीचा पोरगा पहिलीत गेला त्या वर्षी दसऱ्याला, तिच्याच विहिरीवरून, पहिला मिस कॉल वाजला होता. ती केजपलीकडच्या गावात दिलेली आहे. नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले थोडेच दिवस घरी असतो. रान तीच बघते. "लई भारी काम केलंस," असं ती म्हणाली, आणि मला त्याआधी किंवा त्यानंतर कुठल्याही पदवीचं इतकं कौतुक वाटलं नाही.

मी त्या ॲपचा कोड उघडा ठेवला. ओपन सोर्स. कुणीही घ्या, बदला, वाटा, असं परवान्यात लिहिलं. दर वर्षी नव्या वर्गाला ते वाक्य वाचून दाखवायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो.

पुढे काय होतं ते कुणी आधी सांगत नाही. ॲप बनवायला मला एक सुट्टी लागली. ते जिवंत ठेवायला सगळ्या सुट्ट्या लागल्या. फोनची प्रणाली दर वर्षी बदलते. नवे फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली असल्या ॲपला परस्पर झोपवून टाकतात. ॲपच्या दुकानातून पत्रं येतात, अमुक तारखेच्या आत नव्या नियमांप्रमाणे करा, नाहीतर नव्या फोनवर दिसणार नाही. त्या पत्राला उत्तर पाठवलं की यंत्राचं उत्तर येतं. परदेशातला कुणी दवाखान्यातल्या लसीच्या फ्रिजला ते लावतो, लाईट गेली की फोन यावा म्हणून, आणि मला इंग्रजीत विचारतो की तुम्ही उत्तर का देत नाही. एका स्टार्टर बनवणाऱ्याने माझा कोड जसाच्या तसा उचलला, पेटीवर आपलं स्टिकर लावलं आणि विकायला सुरुवात केली. परवान्यात बसतं, माझी हरकत नाही. पण त्या गृहस्थाने मदतीच्या पानावरचा माझा नंबरसुद्धा तसाच ठेवला. त्याची पेटी बिघडली की गिऱ्हाईक मला फोन करतं. एकजण तर म्हणाला, "वारंटी हाय ना बे? मग माणूस पाठव."

माझा राग खोटा नव्हता, हे आधी लिहून ठेवतो. कारण आता जे लिहिणार आहे त्यात तो माझ्या उपयोगाला आला. त्याच्या आड मला लपता आलं.

ॲपच्या पानावर एक माणूस दुरुस्त्या पाठवायचा. टोपणनावाने यायचा, फोटो मेंढीचा. सुरुवातीला लहान दुरुस्त्या. कट लवकर होत नाही, एखाद्याला दोनदा रिंग जाते, असलं. मी त्या तपासून जोडायचो. मग मोठ्या येऊ लागल्या. एकदा त्याने लिहिलं, "आपण दोघं एकाच जिल्ह्यातले आहोत, मी बीडजवळच्या पालीचा. पुण्याच्या कंपनीत इंजिनिअर होतो, आता गावात राहून काम करतो, घरात मेंढरं आहेत." मी उत्तरात "छान" एवढंच लिहिलं.

त्यानंतर माझ्यात काहीतरी बदललं. लांबचा कुणी अनोळखी माणूस दुरुस्त्या पाठवत होता तोपर्यंत मला ती माझ्या कामाची कीर्ती वाटायची. तो आपल्याच बिंदुसरा नदीच्या काठचा निघाला, त्यातून मेंढरंवाल्याचा पोरगा, तेव्हा मी त्याच्या प्रत्येक ओळीत चूक शोधायला लागलो. हे लिहिताना हात अडतो. पण तसंच झालं.

मग त्याने विचारलं, "सर, तुम्हाला वेळ होत नाही असं दिसतं. मला थेट जोडायचा अधिकार द्याल का? आणि चावीही दोघांकडे असू द्या, म्हणजे काम अडणार नाही."

चावी म्हणजे एक फाईल आणि तिचा पासवर्ड. ॲपच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर त्या चावीची सही लागते. सही जुळली नाही तर पेट्यांमधली जुनी ॲपं नवी आवृत्ती घेतच नाहीत. ती फक्त माझ्याकडे होती.

मी जेवताना वडिलांना ते सांगितलं. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांना कोड कळत नाही, पण हे लगेच कळलं.

"म्हंजी रान तुजं, आन नांगर त्याचा," ते म्हणाले.

"तसंच काहीसं."

"दोन सालं लागोपाठ एकच गडी ठिवला की तो रान आपलं म्हनाया लागतो. बदलत ऱ्हावं. नाव लागू द्यू न्हाई."

आमच्या भागातल्या जमीनवाल्या घरांत ही धास्ती आईच्या दुधाबरोबर येते. बटईने, वाट्यावर रान द्यायचं तर दर साली माणूस बदलायचा, कारण एकाच माणसाने सलग कसलं, त्याचं नाव कागदाला चढलं, तर उद्या कूळ लागेल आणि जमीन जाईल. दादांनी चांगले बटईदार याच भीतीने घालवले. ओढ्याकडचा काळ्या मातीचा तुकडा तर त्यांनी वर्षानुवर्षं पडीक ठेवला. पण पडीक दिसू नये म्हणून पीकपाहणीच्या आधी त्यात नांगराचे चार तास, म्हणजे चार ओळी, मारून घ्यायचे आणि मूठभर तूर फेकायचे. कागदावर पीक, रानात कुसळं. कॉलेजात असताना मी यावरून त्यांच्याशी भांडायचो. स्वतःला करता येत नाही तर दुसऱ्याला पोटभर कसू द्या, असं तावातावाने म्हणायचो.

आणि मी काय केलं? त्या पालीच्या माणसाला "विचार करून कळवतो" असं लिहिलं. मग जाहीर निवेदन टाकलं की प्रकल्पाला नवे मदतनीस हवेत. आलेल्या हौशी पोरांना बारीकसारीक कामं वाटली, त्यांची नावं यादीत घातली, त्याचं नाव गर्दीत हरवावं म्हणून. पोरं पंधरवड्यात पांगली. प्रकल्प बंद पडलेला दिसू नये म्हणून मी अधूनमधून माहितीच्या पानावरचा एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करायचो. पानावर ताजी तारीख दिसायची. नांगराचे चार तास.

दिवाळीच्या आधी त्याने नव्या फोनवर चालणारी पूर्ण दुरुस्ती पाठवली. निम्म्याहून जास्त ॲप नव्याने लिहिलं होतं. मी ती माझ्या फोनवर टाकून पाहिली. पहिल्या फटक्यात चालली. मी लॅपटॉप मिटला. ही जोडली तर ॲप त्याचं होतं, माझं फक्त नाव उरतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच पुन्हा लिहीन, माझ्या पद्धतीने, असं ठरवलं आणि ती तशीच पडू दिली.

संक्रांतीनंतर बहिणीच्या पेटीतला जुना फोन फुगून फुटला. तिने नवा घेतला. ॲप त्यावर चालेना.

"आरं, ह्ये वाजतच न्हाई," तिचा फोन आला.

"नव्या फोनची भानगड आहे. करतोय मी, थोडं थांब."

"थांब म्हनून पानी थांबतंय व्हय? ह्या आठवड्यात रातची पाळी हाय. मी विहिरीवर हातरून घिऊन चाललेय."

"एकटी?"

"मग कुनाला न्यू? सासूला? तुजं कवा व्हईल ते सांग."

"लवकर."

ती त्या दिवसापासून रात्रपाळीच्या प्रत्येक आठवड्यात विहिरीवर झोपायला लागली. पोराला घरी सासूपाशी ठेवून. मी दर दोन-तीन दिवसांनी फोन करायचो आणि "काम चालू आहे" म्हणायचो. उपाय तयार होता. माझ्या एका बोटाच्या अंतरावर होता. मी तिला ते सांगितलं नाही.

हे मी मुद्दाम तिला त्रास द्यायला केलं नाही, असं म्हणायची सोय मला आहे. पण त्याने काय फरक पडतो? ती विहिरीवर होती.

शेवटी पालीच्या माणसाने लिहिणं सोडून थेट फोन केला. मी त्या रविवारी दादा सोडून बाकी घरच्यांबरोबर नारायणगडाला गेलो होतो. दर्शनाच्या रांगेत फोन वाजला, मी कुठे आहे ते सांगितलं.

"सर, येताना पालीवरून या. चहा घ्या. आपलं बोलणं होऊन जाऊ द्या."

मी "येतो" म्हणालो. घरच्यांना बीडला पाहुण्यांकडे मुक्कामाला सोडलं आणि एकटा पालीला गेलो. तिथल्या धरणाच्या खालच्या अंगाला त्याचं घर, अंगणात मेंढरांचा वाडा रिकामा. बाप कळप घेऊन बाहेर गेला होता. त्याची आई लसूण सोलत बसली होती.

"तुमीच का ते चावीवाले?" तिने विचारलं.

"आई," तो म्हणाला.

"आई काय? तूच म्हनतूस ना दिसभर. चावीवाला ह्येंव आन चावीवाला त्येंव. बसा, मास्तर. पोरगं लई बोटं मोडतंय तुमच्या नावानं, पर मानूस तर बरा दिसतूय."

तो हसला नाही. चहा आल्यावर त्याने सरळ विचारलं, "माझ्या कामात चूक आहे का?"

"नाही."

"मग दिवाळीपासून ते कावून पडून हाय?" इतका वेळ तो माझ्याशी पुस्तकी बोलत होता. राग आला तसा घरचा बोलायला लागला. "चूक असती तर सांगायची. नको असलं तर नको म्हनायचं. मी दुसऱ्या कामाला लागलो असतो. तुमी ना हो म्हनता ना न्हाई."

"तुम्ही स्वतःचं वेगळं काढू शकता. परवाना आहे."

"परवाना हाय, माहीत हाय मला. काढलं असतं. पन पेट्यांत तुमचं बसलंय. माझं वेगळं काढलं तर प्रत्येकानं पेटी उघडून जुनं काढायचं, नवं टाकायचं, सगळे नंबर फिरून भरायचे. कोन करतंय? निम्मे लोक सोडून देतील. तुमच्या चावीनं गेलं तर त्यांना कळायचं बी न्हाई."

"बरोबर आहे."

"बरोबर हाय तर मग अडलंय कुठं? आमच्या डीपीवर माझं चालतंय. माझं काही अडलेलं न्हाई. मी लोकांसाठी विचारतोय."

मला त्याचा इतका संताप आला की कप खाली ठेवताना सांडला. त्याने एक शब्द चुकीचा बोललेला नव्हता. कुणी आपल्याला पुरतं ओळखलं की येतो तसला तो संताप होता. मी "बघतो" म्हणालो आणि उठलो. त्याची आई मागून म्हणाली, "बघतो म्हनला म्हंजी न्हाईच की रं."

मी गाडी मांजरसुंब्याच्या घाटाआधी बाजूला घेतली आणि बहिणीला फोन लावला. आता सांगितलं नाही तर घरी जाऊन पुन्हा लॅपटॉप मिटवीन, हे मला कळत होतं.

"तुझ्या फोनचा इलाज दिवाळीपासून तयार आहे," मी म्हणालो. "दुसऱ्या एकाने केलाय. मी तो लावला नाही."

"कावून?"

"त्याचं नाव लागेल म्हणून."

तिच्या मागे कुठेतरी गिरणी चालू होती.

"म्हंजी मी विहिरीवर निजत व्हते तवा तयार व्हतं?"

"हो."

"आन तू फोन करून इचारायचास, जेवलीस का म्हनून."

"हो."

"ठिव फोन," ती म्हणाली. मग स्वतःच ठेवला.

घरी आलो तेव्हा दादा ओट्यावर होते. मी त्यांना बहिणीचं सगळं सांगितलं, आणि चावी देतोय हेही. त्यांनी जमिनीवरून बोलतात त्याच आवाजात सुरुवात केली, लोक पाय ठेवायला जागा मागतात आणि मग... मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर इतका ओरडलो. ओढ्याकडच्या तुकड्यावरून, हाकललेल्या बटईदारांवरून, त्या मूठभर तुरीवरून. शेजारी बाहेर आले. दादा शांतपणे म्हणाले, "माज्यावर कावून वरडतूस? म्या तुला ते यंत्र पडीक ठिव म्हनलं का? बहीन विहिरीवर हाय, ह्ये तू मला तरी सांगितलंस का?"

खरं होतं. त्यांनी दोन-चार वाक्यं सांगितली होती. बाकी सगळं मी एकट्याने केलं होतं.

त्याच दिवशी दिवे लागायच्या आत मी पालीला चावी पाठवली आणि सगळे अधिकार दिले. त्याने आभार मानले नाहीत. "मिळाली" एवढंच लिहिलं. आठवड्याच्या आत नवी आवृत्ती पेट्यांमध्ये पोचली. बाजारातल्या हाका कमी झाल्या. स्टिकरवाल्याची गिऱ्हाइकं मात्र अजून मलाच फोन करतात, आणि मी अजून चिडतो.

बहिणीचा मिस कॉल पुन्हा वाजायला लागला, हे मला तिच्या सासूकडून कळलं. ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मला राहवेना. तिच्यासाठी काहीतरी करावं म्हणून मी बसलो आणि एक नवी सोय लिहिली. लाईट गेली की दोन रिंग, म्हणजे ती घरी असतानाही मोटर बंद पडल्याचं कळेल. जीव लावून लिहिली. पूर्वी मी ती स्वतःच जोडली असती. आता पालीला तपासायला पाठवली.

काही दिवस उत्तर नाही. त्याची सुगी चालू असेल, मेंढरं असतील, मला माहीत आहे. तरी दिवसातून दहादा पान उघडून पाहायचो आणि शिव्या हासडायचो. मग त्याचा प्रश्न आला, ही सोय कुणाला हवी आहे? मी लिहिलं, माझ्या बहिणीला. त्याने तिचा नंबर मागितला. दिला.

संध्याकाळी बहिणीचाच फोन आला. कितीतरी दिवसांनी तिने आपणहून केलेला.

"त्या पालीच्या पोराला तू काय सांगितलंस? मला दोन रिंगा पायजेत म्हनून?"

"तुला बरं पडेल म्हणून केलं."

"मी कवा मागितल्या? लाईट गेली की मोटर आपसूक बंद पडती, घरी बसून मला ते कळून काय करायचंय? उगं रातच्याला फोन वाजून पोरगं उठतंय. मी न्हाई म्हनून सांगितलं त्याला."

"बरं."

"आन आता काय अडलं तर त्यालाच फोन करीन मी. तू मधी पडू नको. तो लगेच सांगतोय, व्हतंय का न्हाई."

मी लॅपटॉप उघडला. माझी दुरुस्ती त्याने बंद करून टाकली होती. खाली एक ओळ होती, वापरणाऱ्याला नको आहे. मला झोंबलं. उलट लिहायला मी तीन-चार वाक्यं जुळवलीही, अनुभवाची, मूळ कल्पना कुणाची होती त्याची. पण "नको असलं तर नको म्हनायचं" हे पालीला चहा घेताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. बंद करायचा अधिकार त्याचा होता, आणि बहिणीने नको म्हटल्यावर त्याने ते दिवस उलटायच्या आत केलं होतं.